भाडोत्री

१९७० च्या दशकातली गोष्ट. कृष्णाकाठच्या आमच्या गावी यात्रेनिमित्त दरवर्षी कबड्डीचे सामने भरत असत. पंचक्रोशीतले संघ येत, दोन दिवस गाव धुळीने आणि आरोळ्यांनी भरून जाई. त्या वर्षी आमच्या मंडळाने प्रथमच बाहेरून एक खेळाडू बोलावला होता. कराडकडचा हा गडी डाव्या कोपऱ्यात उभा राहत असे. चढाई करणाऱ्याचा घोटा पकडून त्याला मध्यरेषेपासून रोखून धरणे, एवढेच त्याचे काम. रक्कम आधी ठरलेली होती, निम्मी आगाऊ दिली होती. अंतिम सामन्यात त्याचा स्वतःचाच घोटा मुरगळला. फडके घट्ट बांधून तो शेवटपर्यंत उभा राहिला. परंतु आम्ही चार गुणांनी हरलो.

मैदानाबाहेर कोणीतरी शब्द उच्चारला, "भाडोत्री!" मग तो दहा तोंडांतून आला. गावाची पोरं जीव टाकून खेळली, हा मात्र पैशासाठी आला होता, याला हारजितीचे काय, असा एकंदर सूर. उरलेली निम्मी रक्कम द्यायची नाही, असे ठरले. वर्गणीची वही त्या वर्षी आमच्याकडे होती. त्या निम्म्या रकमेतून रात्री मंडळाचा चहा-चिवडा झाला आणि आम्ही आमच्या सुबक अक्षरात ती 'इतर खर्च' या सदराखाली मांडली. तो गडी वाद घालण्यास थांबला नाही. "उद्या विट्याला डाव हाय, दादा. गाडी चुकंल," एवढेच बोलून तो लंगडत एस.टी. थांब्याकडे गेला.

त्या शब्दाचा विचार आम्ही तेव्हा केला नाही. पुढे आयुष्याच्या ओघात तो अनेकदा समोर आला, आणि प्रत्येक वेळी आपण त्या गड्याचे देणेकरी आहोत, ही जाणीव अधिक गडद होत गेली. पैशाचे देणे उघडच होते. परंतु प्रश्न त्याहून मोठा आहे. आपले कसब घेऊन दारोदार फिरणाऱ्या, आज या संघाकडून तर उद्या त्या संघाकडून खेळणाऱ्या माणसाला निष्ठा असते काय? असल्यास ती कोणाप्रती?

आपल्या समाजाला स्थिर माणूस आवडतो. जुन्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. त्याला गावकीत मान, पंचायतीत शब्द. उपरी हा बाहेरून येऊन जमीन कसणारा. घाम दोघांचाही सारखाच. पण उपऱ्याला गावात मूळ नाही, म्हणून वजनही नाही. 'उपरा' हा शब्द आजही आपण कोणत्या स्वरात उच्चारतो, हे वाचकांना सांगावयास नको. उलट साताऱ्याच्या गादीच्या इतिहासात आणखी एक जोडी आढळते, ती बारगीर आणि शिलेदार यांची. बारगिराला घोडा सरकारचा मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. शिलेदार हा एका अर्थी भाडोत्रीच. तरीही शिलेदार म्हटले की आपली मान ताठ होते. म्हणजे चाकरी करण्यात कमीपणा नाही, हे आपल्या भाषेला कोठेतरी ठाऊक आहे. मैदानावर मात्र आपण ते विसरतो.

इंग्रजीत अशा फिरत्या व्यावसायिक खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. शब्द ऐकून प्रवास आठवतो आणि आम्हीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. वास्तविक त्याच्या मुळाशी दिवस या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. पूर्वीच्या कारागीर-संघांत शिकाऊपण संपवलेला, परंतु स्वतःचे दुकान नसलेला, दिवसाच्या मजुरीवर काम करणारा तो जर्नीमन. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: रोजंदार. आणि ज्याला आपण आदराने रोजगार म्हणतो, त्याच्याही पोटात तोच 'रोज' आहे.

रोजंदार म्हटला की मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आठवणे अपरिहार्य आहे. तासगावच्या परिसरात द्राक्षबागा पाहत वाढलेल्या आमच्यासारख्यांना तर विशेषच. त्या दाखल्यावर प्रवचने पुष्कळ ऐकली. उशिरा आलेल्यालाही तेवढेच नाणे कसे, यावर बहुतेकांचा भर असतो. आमचे लक्ष अलीकडे निराळ्याच गोष्टीकडे जाते. तो धनी बाजारात उभ्या असलेल्या कोणालाही, काल तू कोणाच्या मळ्यात होतास आणि उद्या कोणाच्या मळ्यात जाशील, असे विचारत नाही. अकराव्या तासाला रिकाम्या उभ्या असलेल्यांनी आपणांस कोणी कामावर लावले नाही असे सांगितले, तेव्हा त्याने ते खरे मानले. आणि संध्याकाळ झाल्यावर मजुरी चुकती केली. याकोबाच्या पत्रात तर रोखून धरलेली मजुरी स्वतःच ओरडते, असे म्हटले आहे. आमच्या वहीतील ती रक्कम अशी ओरडत असावी.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत भाडोत्री खेळाडू ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत किंवा कुंडलच्या मैदानात हलगी कडाडू लागली की पैलवान येतात ते इनामासाठीच. नारळावरच्या कुस्तीपासून मोठ्या रकमेच्या कुस्तीपर्यंत सगळे उघड पुकारले जाते. जत्रांच्या हंगामात गावोगाव लढून खुराकाचा खर्च भागवणारे शेकडो पैलवान या मातीत होऊन गेले. त्यांतील बहुतेकांना ना केसरीची गदा मिळाली ना वृत्तपत्रात छायाचित्र. त्यांना कोणी भाडोत्री म्हटले नाही. कुस्तीच्या फडाने आपल्या निंदेसाठी वेगळाच शब्द राखून ठेवला आहे: नुरा कुस्ती. निकाल आधी ठरवून केलेली, बघ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकणारी कुस्ती. हा भेद फार शहाणपणाचा आहे. इनाम घेणे हा दोष नाही. इनाम घेऊन न लढणे हा दोष आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची कथा सर्वांना परिचित आहे. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. मिरवणुका संपल्यावर खाशाबांनी काय केले? कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि त्या पैशातून गुरुजींचे घर सोडवले. पैशासाठी लढलेल्या त्या कुस्त्यांना भाडोत्री म्हणण्याची छाती कोणाची होईल? देशासाठी मिळवलेल्या पदकाइतक्याच त्या आम्हांला थोर वाटतात, क्वचित अधिकही.

पण या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण सांगलीचे आहे. विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. महाराष्ट्र, मध्य भारत आणि बडोदा अशा संघांकडून ते रणजी सामने खेळले. त्या काळी आपल्याकडे क्रिकेटपटूला उघड वेतन देण्याची रीत फारशी नव्हती. संस्थानिक त्याला दरबारी किंवा लष्करी पद देत आणि तो त्यांच्यासाठी खेळे. देवासने आणि बडोद्याने हजाऱ्यांना असा आश्रय दिला. १९३९-४० च्या हंगामात पुण्यात महाराष्ट्राकडून त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या, त्या बडोद्याविरुद्ध. अल्पावधीतच ते बडोद्याचे झाले आणि दोन दशके त्याच संघाकडून खेळले. आमच्या गावच्या मैदानावर हे घडले असते तर कोणता शब्द ऐकू आला असता, ते सांगायला नको.

त्याच काळात मुंबईत पंचरंगी सामने होत. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान असे संघ, आणि १९३७ पासून पाचवा 'द रेस्ट', म्हणजे 'इतर'. ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध असे जे कोठेच बसत नव्हते ते सर्व या एका संघात. येथे भाडे नव्हते की बोली नव्हती. जन्माने जो जेथला, तो तेथे. निष्ठा रक्तातूनच यावी असे मानणाऱ्यांचा हा आदर्श म्हणायला हवा. या आदर्शात सांगलीच्या हजाऱ्यांच्या वाट्याला ज्याला स्वतःचे नावही नाही असा संघ आला.

१९४३ च्या डिसेंबरात ब्रेबोर्न स्टेडियमवर हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. 'इतर' संघ १३३ धावांत बाद झाला आणि त्याला पुन्हा फलंदाजीस यावे लागले. दुसऱ्या डावातही पडझड झाली. तेव्हा विजय हजाऱ्यांच्या साथीला त्यांचे बंधू विवेक आले. दोघांनी मिळून सहाव्या गड्यासाठी ३०० धावा जोडल्या. त्या ३०० पैकी विवेक यांच्या धावा होत्या २१. संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी विजय यांच्या ३०९. सामना अर्थातच हिंदू संघाने एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला.

क्रिकेटच्या ग्रंथांतून ३०९ चा उल्लेख येतो, आणि तो यायलाच हवा. आम्हांला मात्र त्या २१ धावांचे कोडे सुटत नाही. तासन्‌तास एक माणूस दुसऱ्या टोकाला उभा आहे. चेंडू अडवतो आहे, सोडून देतो आहे, एक धाव मिळाली की भावाला समोर आणतो आहे. सामना जिंकण्याची आशा जवळजवळ नाही. टाळ्या वाजतात त्या समोरच्यासाठी. धावफलकावर आपल्या नावासमोरचा आकडा हलत नाही, पण आपण गेलो तर समोरचा आकडाही थांबेल, हे त्याला ठाऊक आहे. बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे आणून दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या खेळाडूला गार्ड म्हणतात. त्याने हातातला चेंडू कोणाला केव्हा द्यायचा, यावर संघाचा खेळ उभा असतो आणि टोपलीत चेंडू बहुधा दुसराच टाकतो. विवेक हजारे त्या दिवशी क्रिकेटमधले असे गार्ड होते. आमच्या डाव्या कोपऱ्यातला गडीही त्याच जातीचा. त्याने पकडलेले घोटे मोजणारी वही आमच्याकडे नव्हती.

कोणी म्हणेल, तो भाऊ होता, म्हणून उभा राहिला. रक्ताचे नाते होते. परका असता तर? याचे उत्तर सवातीन वर्षांनी बडोद्यात मिळाले. मार्च १९४७ मधला रणजी स्पर्धेचा अंतिम सामना. बडोदा विरुद्ध होळकर. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले आणि हजारे यांच्या जोडीला गुल महंमद उतरले. लाहोरचे गुल महंमद हेही हजाऱ्यांसारखेच बाहेरून येऊन बडोद्याकडे राहिलेले. दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील कोणत्याही गड्यासाठीची ती सर्वांत मोठी भागीदारी ठरली आणि तो विक्रम २००६ पर्यंत, संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडेपर्यंत, टिकला. बडोद्याने ७८४ धावा केल्या आणि एक डाव ४०९ धावांनी विजय मिळवला.

तारखेकडे वाचकांनी लक्ष द्यावे. मार्च १९४७. त्याच महिन्यात पंजाबात दंगली पेटल्या होत्या. लोक जन्माने ठरलेल्या निष्ठेपायी शेजाऱ्यांचे गळे कापत होते. आणि बडोद्याच्या मैदानावर सांगलीचा ख्रिस्ती आणि लाहोरचा मुसलमान, एका हिंदू राजाच्या पगारावर, एकमेकांची हाक ऐकून धावत होते. पंचरंगी सामन्यांत हे दोघे एका बाजूला कधीच येऊ शकले नसते. भाडोत्री संघातच ते शक्य होते. पंचरंगी सामन्यांना गांधीजींनी १९४० साली विरोध दर्शवला होता. १९४६ मध्ये ते कायमचे बंद झाले. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली त्या देशाकडून कसोटी खेळले. हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली भारताने फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध आपला पहिला कसोटी विजय मिळवला. 'इतर' संघाचा माणूस साऱ्यांच्या संघाचा कर्णधार होता.

येथे एक आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. जास्त पैसे मिळताच जुन्या सहकाऱ्यांना वाऱ्यावर सोडून जाणारे खेळाडू असतात. ज्या तालमीने वाढवले तिच्याकडे पाठ फिरवणारे असतात. त्यांची तरफदारी करावी असे आम्हांला वाटत नाही. परंतु पैशाने विकले गेलेल्यांची यादी काढू लागलो तर तिच्या शिरोभागी फिरते रोजंदार दिसत नाहीत. २००० साली सट्टेवाल्यांकडून पैसे घेतल्याची कबुली दिली ती दक्षिण आफ्रिकेच्या हॅन्सी क्रोनिए यांनी, आणि ते स्वदेशाच्या संघाचे कर्णधार होते. देशाचा सदरा अंगात असूनही नुरा कुस्ती होऊ शकते.

दुसरे असे की, सोडून कोण जातो आणि सोडून कोण देतो, हेही तपासले पाहिजे. अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत इश स्मिथ नावाचा एक गार्ड २०१० पासून तेरा निरनिराळ्या संघांकडून खेळला. तेथे हा विक्रम मानला जातो. तेरा हा आकडा ऐकून भटक्या वृत्तीचा माणूस डोळ्यांसमोर येईल. पण तेथे संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात आणि पुष्कळदा खेळाडूला विचारलेही जात नाही. सकाळी एका शहरात सराव, संध्याकाळी दुसऱ्या शहरात नवे सहकारी. २०२३ साली डेन्व्हर संघाने विजेतेपद मिळवले तेव्हा स्मिथ त्या संघात होता. मैदानावर त्याला फार वेळ मिळाला नव्हता. मालक माणसे बदलतो तेव्हा त्याला व्यवहार म्हणतात. माणूस मालक बदलतो तेव्हा त्याची निष्ठा निघते. न्यायाचा हा तराजू आम्हांला सरळ वाटत नाही.

आपल्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर तर याहून हृदयस्पर्शी उदाहरण. बडोदा, होळकर, महाराष्ट्र, राजस्थान, रेल्वे अशा कितीतरी संघांकडून ते खेळले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध त्यांच्या नाबाद ४४३ धावा झाल्या होत्या. ब्रॅडमन यांचा ४५२ चा तेव्हाचा जागतिक विक्रम नऊ धावांवर होता. मध्यंतरात प्रतिस्पर्ध्यांनी सामना सोडून दिला आणि ते परत खेळायला उतरलेच नाहीत. निंबाळकरांना भारताकडून एकही कसोटी मिळाली नाही. त्यांनी कोणाला सोडले? आम्हांला तर दिसते ते इतकेच की, त्या दिवशीचे काम त्यांनी पुरे करत आणले होते, आणि समोरच्यांनी दिवसच मोडला.

रोजंदाराची निष्ठा दिवसाच्या मापाने मोजावी लागते, या निष्कर्षाप्रत आम्ही सावकाश आलो आहोत. मिरासदाराची निष्ठा पिढ्यांच्या मापाची. तिची थोरवी निराळी. पण आज ज्याच्या शेजारी आपण उभे आहोत त्याला आज संध्याकाळपर्यंत उघडे पाडायचे नाही, हे व्रतही लहान नाही. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे पोटासाठी गाव सोडून बाहेर पडली. बदलीच्या शिक्षिका, परगावच्या रुग्णालयातील परिचारिका, दूर देशी कंत्राटावर गेलेले तरुण. ते जेथे जातात तेथे त्यांनाही कोणीतरी उपरे म्हणत असणारच. आपल्या मुलाला परक्या गावी हा शब्द ऐकावा लागला तर आपल्याला कसे वाटेल, एवढा विचार त्या यात्रेच्या दिवशी आमच्यातील एकालाही सुचला नाही.

मुरगळलेल्या घोट्यावर तो शेवटची दहा मिनिटे का उभा राहिला असेल? ठरलेली रक्कम त्याने थोडीच वाढणार होती. दुसऱ्या दिवशी विट्याला खेळायचे होते. शहाण्या रोजंदाराने पाय जपला असता. शेवटच्या चढाईत आमचा एक नवखा पोरगा प्रतिस्पर्ध्याच्या धडकेने बाहेर फेकला जाणार, तेवढ्यात त्याने मध्ये येऊन तो धक्का अंगावर घेतलेला आम्हांला स्पष्ट आठवतो. त्या पोराचे नावही त्याला माहीत नसावे.

काही वर्षांपूर्वी मंडळाचे जुने दप्तर आवरताना ती वही हाती लागली. चुना, दोरखंड, पंचांचे जेवण, ढाल, सगळे तपशील आमच्या अक्षरात आहेत. आगाऊ दिलेल्या रकमेपुढे 'बाहेरचा खेळाडू' असे लिहिले आहे. नाव नाही. ते विचारावे असे तेव्हा कोणाला वाटले नव्हते. चार पाने उलटल्यावर चहा-चिवडा, आणि त्यासमोर सदर: इतर. आम्ही कराडच्या बाजूला दोघा-तिघा जुन्या कबड्डीपटूंकडे चौकशी केली. डाव्या कोपऱ्यात खेळणारा, विट्याला आणि आमच्याकडे येऊन गेलेला, एवढीच खूण सांगता येत होती. असे पुष्कळ होते, असे ते म्हणाले.